विद्यापीठ एक, उंबरठे अनेक

दहावी-बारावीचे निकाल लागले की नाशिकच्या सराफ बाजारापासून रविवार कारंजापर्यंत कितीतरी घरांत एकच दृश्य दिसते. पेढी वाढवून वडील वर येतात, दिवे लागण्याआधी जेवणे आटोपलेली असतात, आणि दिवाणखान्यात संगणकासमोर नात बसलेली असते. विद्यापीठ ठरलेले असते, विषयही जवळजवळ ठरलेला असतो. अर्जातील पुढचा रकाना मात्र रिकामा असतो. ती विचारते, ‘‘दादाजी, कॉलेज कोणतं लिहू?’’ दादाजी उत्तर देतात, ‘‘बेटा, ज्याचं नाव मोठं, ते लिही.’’

व्यापारी घराण्यात हे उत्तर स्वाभाविक आहे. बाजारात पेढीचे नाव चालते, हुंडीवर नाव चालते, सोयरीक जुळवतानाही आधी नावच विचारले जाते. परंतु ज्या विद्यापीठांत शिक्षणाची रचनाच अनेक कॉलेजांची मिळून झालेली आहे, तेथे केवळ नावावर केलेली निवड कित्येकदा चुकते. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि आपल्याकडील दिल्ली विद्यापीठ ही अशा विद्यापीठांची ठळक उदाहरणे आहेत. समाजातील मुलेमुली आता या तिन्ही ठिकाणांचा विचार करू लागली आहेत. त्यामुळे कॉलेज म्हणजे नेमके काय आणि ते कसे निवडावे, हे समजून घेणे प्रत्येक पालकाचे कर्तव्य ठरते.

नाशिकमध्ये जन्मलेली एक विद्यार्थिनी

या विषयाचा नाशिकशी असलेला संबंध फार जुना आहे. 15 नोव्हेंबर 1866 रोजी नाशिक येथे कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म झाला. वडील पारशी कुळातील, ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले. आई पुण्यात शाळा चालवणारी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. परीक्षेतील त्यांचे यश असे होते की विलायतेत शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळावयास हवी होती. ती नाकारली गेली. कारण एकच, उमेदवार स्त्री होती. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात अध्यापन केले. पुढे इंग्लंडमधील हितचिंतकांनी निधी उभा केला. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचेही साहाय्य होते. 1889 मध्ये कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डला पोहोचल्या.

त्या दाखल झाल्या सॉमरव्हिल येथे. त्या काळी ऑक्सफर्डमधील जुन्या, धनाढ्य आणि नामांकित कॉलेजांचे दरवाजे स्त्रियांना बंद होते. सॉमरव्हिलची स्थापना अवघ्या दहा वर्षांपूर्वी, 1879 मध्ये झाली होती. ना शतकांची परंपरा, ना मोठी गंगाजळी. परंतु त्याचे एक वैशिष्ट्य होते. विद्यार्थिनी कोणत्या पंथाची आहे, हे तेथे विचारले जात नसे. या साध्या, नव्या कॉलेजात राहून कॉर्नेलियाबाईंनी कायद्याचा अभ्यास केला आणि 1892 मध्ये विशेष परवानगी मिळवून बी.सी.एल. ही परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या महिला. पदवी मात्र हाती पडली 1922 मध्ये, कारण 1920 पर्यंत ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हते. पुढे बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या सेवेत राहून त्यांनी पडद्यातील असंख्य स्त्रियांच्या मालमत्तेचे आणि हक्कांचे रक्षण केले.

नावाने मोठी अशी अनेक कॉलेजे त्या गावात होती. नाशिकमध्ये जन्मलेल्या या मुलीच्या उपयोगी पडले ते तिला सामावून घेणारे कॉलेज.

कॉलेज म्हणजे काय?

आपल्याकडे ‘कॉलेज’ या शब्दाचा अर्थ निराळा आहे. 1949 मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाशी, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी, नाशिकमधील बी.वाय.के. किंवा के.टी.एच.एम. ही महाविद्यालये संलग्न आहेत. येथे वर्ग, प्राध्यापक आणि प्रवेश हे सारे महाविद्यालयाचे. अभ्यासक्रमाची चौकट आणि पदवी विद्यापीठाची. विद्यार्थी ‘मी बी.वाय.के.चा’ असे म्हणतो, तेव्हा त्याचे शिक्षण खरोखरच तेथील वर्गात झालेले असते.

ऑक्सफर्ड-केंब्रिजची रीत वेगळी आहे. व्याख्याने, प्रयोगशाळा, परीक्षा आणि पदवी हे सर्व विद्यापीठाचे, आणि ते सर्वांना समान. कॉलेज विद्यार्थ्याला प्रवेश देते, राहण्याची खोली देते, भोजनगृह, ग्रंथालय आणि अडचणीत पाठीशी उभे राहणारे शिक्षक देते. शिवाय आठवड्यातून एक-दोन वेळा दोन-तीन विद्यार्थ्यांना समोर बसवून त्यांच्याकडून अभ्यास करवून घेण्याची व्यवस्था कॉलेज पाहते. ऑक्सफर्डमध्ये याला ट्युटोरियल म्हणतात, केंब्रिजमध्ये सुपरव्हिजन. या विद्यापीठांची खरी किंमत या बैठकीत आहे. विद्यार्थ्याने लिहून आणलेला निबंध किंवा सोडवलेली गणिते तेथे ओळीनोळ तपासली जातात. मागच्या बाकावर लपण्याची सोय तेथे नाही.

ही कल्पना जैन समाजाला परकी वाटू नये. आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने 1915 मध्ये मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय स्थापन झाले ते बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना निवास, शुद्ध आहार आणि संस्कार मिळावेत म्हणून. व्याख्याने ऐकायला मुले शहरातील महाविद्यालयांत जात. आपल्याच जिल्ह्यात चांदवड येथे 1928 मध्ये श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम उभा राहिला, त्यामागेही हीच दृष्टी होती. मुलगा कोठे शिकतो याइतकेच तो कोठे राहतो, काय जेवतो आणि कोणाच्या देखरेखीखाली असतो हे महत्त्वाचे आहे, हे पूर्वजांनी ओळखले होते. तेराव्या शतकात ऑक्सफर्ड-केंब्रिजची पहिली कॉलेजे निघाली, तेव्हा त्यांचाही पाया निवासी विद्याभ्यासाचाच होता.

परीक्षा सर्वांची एकच

‘मोठे कॉलेज नसेल तर मुलगा मागे पडेल’ ही भीती किती खरी आहे, याचा निवाडा महाराष्ट्राच्या इतिहासानेच केला आहे.

दापोली तालुक्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फर्ग्युसनमधून केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले आणि 1899 मध्ये गणिताच्या परीक्षेत सर्वप्रथम, म्हणजे ‘सीनिअर रँग्लर’ ठरले. त्या वर्षी हा मान दोघांना विभागून मिळाला होता. दुसरा विद्यार्थी पेंब्रोक कॉलेजचा होता. कॉलेजे दोन, परंतु प्रश्नपत्रिका एक आणि स्थानही एकच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख केंब्रिजला शिकले ते जीझस कॉलेजात. अहमदाबादच्या जैन उद्योजक घराण्यातील विक्रम साराभाई गुजरात कॉलेजातून 1937 मध्ये सेंट जॉन्समध्ये गेले आणि 1940 मध्ये त्यांनी निसर्गविज्ञानातील ट्रायपॉस पूर्ण केला. गिरण्यांच्या मालकाचा मुलगा भौतिकशास्त्र शिकायला गेला, आणि त्याच्या हातून देशाच्या अंतराळ संशोधनाची पायाभरणी झाली, ही गोष्ट ‘दुकान कोण पाहणार?’ असे विचारणाऱ्या प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी.

सर्वांत बोलके उदाहरण जयंत नारळीकर यांचे आहे. कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर 1957 मध्ये बनारसहून केंब्रिजला गेले ते फिट्झविल्यम हाउसमध्ये. त्या वेळी फिट्झविल्यमला पूर्ण कॉलेजचा दर्जाही नव्हता; तो 1966 मध्ये मिळाला. कॉलेजांचा खर्च न झेपणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी 1869 मध्ये सुरू झालेली ती व्यवस्था होती. तेथून नारळीकर रँग्लर झाले, 1960 मध्ये खगोलशास्त्रासाठी टायसन पदक मिळवले, आणि पुढे याच गुणवत्तेवर श्रीमंत व जुन्या किंग्ज कॉलेजने त्यांना आपले फेलो करून घेतले.

अर्जाचे व्यवहारज्ञान

आता प्रत्यक्ष प्रक्रियेकडे वळू. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पदवी अभ्यासक्रमांचा अर्ज ‘यूकास’ या ब्रिटनच्या मध्यवर्ती यंत्रणेमार्फत, शिक्षण सुरू होण्याच्या आदल्या वर्षी 15 ऑक्टोबरपर्यंत करावा लागतो. बारावीच्या निकालानंतर जागे होणाऱ्या घरांसाठी ती वेळ निघून गेलेली असते. एका वर्षी या दोहोंपैकी एकाच विद्यापीठाला पदवीसाठी अर्ज करता येतो. अनेक विषयांना स्वतंत्र प्रवेशपरीक्षा असते आणि त्यानंतर मुलाखत. राज्य मंडळाची बारावी सरसकट ग्राह्य धरली जाईलच असे नाही. म्हणून आपल्या मंडळाविषयीचा नियम अकरावीत प्रवेश घेण्यापूर्वीच विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावा.

अर्जात कॉलेजाचे नाव लिहिता येते किंवा ‘कोणतेही चालेल’ असा खुला अर्जही करता येतो. खुल्या अर्जाला विद्यापीठच एक कॉलेज नेमून देते आणि त्यानंतर तो अर्ज इतर अर्जांसारखाच तपासला जातो. ‘कमी गर्दीचे कॉलेज शोधून आत शिरावे’ हा हिशेब अनेक पालक मांडतात. तो फारसा उपयोगी पडत नाही. केंब्रिजमध्ये चांगला विद्यार्थी एका कॉलेजात जागेअभावी राहिला, तर त्याचे कागद ‘पूल’मध्ये जातात आणि दुसरी कॉलेजे त्याला निवडू शकतात. ऑक्सफर्डमध्येही विद्यार्थी एका कॉलेजातून दुसऱ्याकडे पाठवले जातात. त्यामुळे लिहिलेल्या कॉलेजाऐवजी दुसऱ्याच कॉलेजाचे पत्र आले, तर त्यात अपमान काही नाही. बाजारात एका दुकानी माल नसला की दुकानदार गिऱ्हाइकाला शेजारच्या दुकानी घेऊन जातो, तसाच हा प्रकार आहे.

पदवीनंतर, म्हणजे बी.कॉम. किंवा सी.ए. झाल्यावर एम.एस्सी. अथवा एम.बी.ए.साठी जाणाऱ्यांची वाट आणखी वेगळी आहे. तेथे निवड प्रथम विद्यापीठातील विभाग करतो. कॉलेज त्यानंतर मिळते.

आहार, सूर्यास्त आणि सुट्ट्या

कॉलेज निवडताना जैन कुटुंबाने जे प्रश्न विचारावेत, ते सर्वसाधारण माहितीपुस्तकात सापडत नाहीत.

पहिला प्रश्न स्वयंपाकघराचा. इंग्लंडच्या कॉलेजांत शाकाहारी पदार्थ आता सर्वत्र मिळतात; परंतु शाकाहारी म्हणजे जैन नव्हे. बटाटा हा तेथील ताटाचा आधार आहे आणि कांदा-लसूण पदार्थात विरघळलेला असतो. म्हणून खोलीजवळ शेगडी असलेले, रोज वापरता येईल असे स्वयंपाकघर आहे का, हा प्रश्न भोजनगृहाच्या भव्यतेपेक्षा महत्त्वाचा ठरतो. काही जुन्या इमारतींत चहापाण्यापुरती जागा असते. त्यामानाने नव्या इमारतींत चांगली सोय आढळते. शतकांपूर्वीच्या दगडी कमानींचे छायाचित्र पाहून हरखून जाण्याआधी हा विचार करावा.

श्रीनिवास रामानुजन 1914 मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. न्यूटनचे कॉलेज, याहून मोठे नाव कोणते? परंतु ते कट्टर शाकाहारी होते, खोलीत स्वतः रांधत, आणि महायुद्धाच्या काळात साधे जिन्नसही मिळेनासे झाले. 1917 पासून आजारपणाने त्यांना घेरले. 1918 मध्ये रॉयल सोसायटी आणि ट्रिनिटी या दोन्हींचे फेलोपद मिळाले; प्रकृती मात्र सुधारली नाही आणि 1920 मध्ये, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आज परिस्थिती पूर्ण बदलली आहे. तरीही परदेशी असलेल्या मुलाच्या ताटाची चिंता ही आईची भाबडी काळजी म्हणून हसण्यावारी नेऊ नये.

दुसरा प्रश्न सूर्यास्ताचा. डिसेंबरच्या सुरुवातीला ऑक्सफर्डमध्ये दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो, आणि कॉलेजचे सायंभोजन असते सहा-सातनंतर. जूनमध्ये तोच सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळणाऱ्या मुलीला हिवाळ्यात तीन-साडेतीनला जेवण उरकावे लागेल. ते तिला कोण देणार? उत्तर पुन्हा स्वतःच्या स्वयंपाकघराशीच येते. नियम किती आणि कसे पाळायचे, याचा निर्णय मुलीने घरातील वडीलधाऱ्यांशी व गुरुमहाराजांशी मोकळेपणाने बोलून, जाण्यापूर्वीच घ्यावा. तिथे गेल्यावर लपवाछपवी करण्याची वेळ येऊ नये.

तिसरा प्रश्न दिनदर्शिकेचा. तेथील वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि प्रत्येक सत्र सुमारे आठ आठवड्यांचे असते. पर्युषण त्यापूर्वीच येत असल्याने संवत्सरी घरी करून मुलगा निघू शकतो. महावीर जन्मकल्याणक बहुधा वसंतातील सुट्टीत येते. दिवाळी मात्र भर सत्रात येते. भगवान महावीरांच्या निर्वाणकल्याणकाचा दिवस मुलाला तेथेच पाळावा लागेल. लेस्टर येथे जैन मंदिर आहे, लंडनजवळ पॉटर्स बार येथे ओसवाल केंद्र आहे. रेल्वेचा प्रवास करून तेथे जाता येते.

याच सुट्ट्यांशी पैशाचा प्रश्नही जोडलेला आहे. सत्र संपताच काही कॉलेजे खोली रिकामी करायला सांगतात. इंग्रज मुलगा सामान गाडीत टाकून घरी जातो. नाशिकच्या मुलाने कोठे जावे? सुट्टीत राहता येते का, सामान ठेवता येते का, तिन्ही वर्षे कॉलेजची खोली मिळते का, भाडे किती, हे प्रत्येक कॉलेजात वेगळे असते. केंब्रिजमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या शुल्काखेरीज कॉलेजचे शुल्कही द्यावे लागते आणि तेही कॉलेजनुसार बदलते. पदवी तीच, विषय तोच, आणि तीन वर्षांच्या खर्चात मात्र लक्षणीय फरक, असे होऊ शकते. जमाखर्च लिहिणाऱ्या समाजाने हा रकाना रिकामा सोडणे शोभत नाही. शिष्यवृत्तीची चौकशीही कॉलेजनिहाय करावी. पदव्युत्तर शिक्षणासाठी 1892 पासून चालत आलेला जे. एन. टाटा निधी आहे, आणि ज्या सॉमरव्हिलमध्ये कॉर्नेलियाबाई शिकल्या, तेथेही आज भारतीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या आहेत.

दिल्लीची वाट

बहुसंख्य घरांसाठी मात्र जवळची वाट दिल्लीची आहे. दिल्ली विद्यापीठ 1922 मध्ये स्थापन झाले तेव्हा सेंट स्टीफन्स, हिंदू आणि रामजस ही तीन कॉलेजे आधीच उभी होती. वाणिज्य शाखेसाठी श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सचे नाव आज प्रत्येक व्यापारी घरात घेतले जाते. 2022 पासून तेथील प्रवेश सीयूईटी या सामायिक परीक्षेवर होतात, आणि त्यानंतर विद्यार्थ्याने विषय व कॉलेज यांच्या जोड्या पसंतीक्रमाने भरायच्या असतात.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक अकरावीतच होते. महाराष्ट्रात वाणिज्य शाखेत गणिताऐवजी एस.पी. घेण्याची मुभा आहे, आणि सोपे म्हणून अनेक मुले ते घेतात. परंतु दिल्लीच्या अर्थशास्त्र ऑनर्ससाठी सीयूईटीमध्ये गणित अनिवार्य आहे. सोळाव्या वर्षी सोडलेला विषय अठराव्या वर्षी दार अडवतो. दुसरी चूक पसंतीक्रमाची. काही पालक दहा-वीस नामांकित पर्याय भरून थांबतात. पहिल्या फेरीत मिळालेली जागा मुदतीत स्वीकारली नाही, तर विद्यार्थी प्रक्रियेबाहेर जातो. स्वीकारून वरच्या पसंतीसाठी थांबण्याची सोय मात्र आहे. म्हणून यादी लांब असावी, आणि खरोखर जायची तयारी असलेलीच नावे तीत असावीत.

शिवाय दिल्लीत सर्व कॉलेजांना वसतिगृह नाही, आणि जेथे आहे तेथेही जागा मोजक्या असतात. उत्तर परिसरातील विद्यार्थी कमलानगर, विजयनगर भागात भाड्याने राहतात. तेथून चांदणी चौकातील लाल मंदिर दूर नाही. निदान देवदर्शनाची आणि सात्त्विक भोजनाची चिंता विलायतेइतकी उरत नाही.

रकाना कोणी भरावा?

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि तो अर्जाच्या कोणत्याही पानावर छापलेला नसतो. कॉलेज कोणी निवडायचे?

समाजात मुलींचे शिक्षण वाढले, ही अभिमानाची गोष्ट आहे. तरीही अनेक घरांत मुलाला विचारतात, ‘‘तुला काय शिकायचंय?’’ आणि मुलीला विचारतात, ‘‘त्या गावात आपलं कोण आहे?’’ सुरक्षिततेची काळजी रास्त आहे. तिच्या आड इच्छा दडपली जाऊ नये. आधी विषय ठरावा, मग त्या विषयाचे चांगले अध्यापन कोठे होते ते पाहावे, मग खोली, स्वयंपाकघर, खर्च आणि सुट्ट्या पाहाव्यात, आणि नावाचा विचार सर्वांत शेवटी करावा. नातेवाइकांना सांगायला सोपे जावे म्हणून निवडलेले कॉलेज तीन वर्षे मुलालाच भोगावे लागते. अनेकान्ताची शिकवण लाभलेल्या घरांत एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहण्याची सवय असावयास हवी. कॉलेजही त्याला अपवाद नाही.

नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलियाबाईंना पदवीसाठी तीस वर्षे थांबावे लागले. आज पदवी वेळेवर मिळते आणि दरवाजे सर्वांना खुले आहेत. दिवाणखान्यातील ती नात अजून रिकाम्या रकान्यापाशी थांबली आहे. दादाजींनी चष्मा काढून ठेवावा आणि एवढेच विचारावे, ‘‘बेटा, तुला तिथे काय शिकायचंय, ते आधी मला सांग.’’ ते उत्तर मिळाले की कॉलेजाचे नाव लिहिणे फारसे अवघड राहत नाही.